मामाच्या गावाबाहेरची मुले

दरवर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रभर 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचे निमित्त साधून २०१५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचा विधी आता सर्वांना पाठ आहे. ग्रंथालयाचे कपाट उघडले जाते, टेबलावर चादर अंथरून पुस्तके मांडली जातात, प्रतिमेला हार घातला जातो, मुलांच्या हाती एकेक पुस्तक देऊन छायाचित्र काढले जाते आणि अहवाल वर पाठवला जातो. कोणी सर किंवा बाई 'वाचाल तर वाचाल' या विषयावर बोलतात. दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप. या विधीची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. वर्षातून एक दिवस का होईना, पुस्तक मुलाच्या हाती पडते यात वाईट काही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मुलांना वाचनाचे महत्त्व सांगणाऱ्या त्या माणसाने आदल्या आठवड्यात स्वतः काय वाचले, हा प्रश्न तेथे कोणाच्याही मनात येत नाही. येऊ नये अशीच एकूण व्यवस्था आहे.

'मुले वाचत नाहीत' हे वाक्य आपल्या परिसंवादांत गेली कित्येक वर्षे घोळवले जात आहे. आधी दूरचित्रवाणी, मग संगणक, आता भ्रमणध्वनी. आरोपी बदलत गेले, फिर्याद तीच राहिली. फिर्यादीची उलटतपासणी मात्र कधी झाली नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. वाचन थांबलेला शिक्षक मुलांना पुस्तके देत नाही असे नव्हे. तो देतो, पण स्वतःच्या लहानपणी शाळेच्या कपाटात जी होती तेवढीच देतो. त्या कपाटात बहुतांशी एकाच प्रकारच्या घरातले बालपण होते. त्यामुळे वर्गातल्या साठ मुलांसमोर तो, कोणत्याही वाईट हेतूशिवाय, एकच बालपण ठेवत राहतो. बालसाहित्यातील विविधता आणि शिक्षकाचे स्वतःचे वाचन हे दोन निरनिराळे विषय समजून आपण त्यांवर निरनिराळी चर्चासत्रे भरवतो. माझ्या मते तो एकच विषय आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना लहानपणचे आवडते पुस्तक विचारण्याची माझी पद्धत होती. उत्तरे साधारण ठरलेली असत: 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे', 'बोक्या सातबंडे'. मला ही उत्तरे आवडत, कारण त्यांतली बरीचशी माझीही होती. एका वर्षी त्या ओघात मी मराठी बालसाहित्यातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीवर, मामाच्या गावावर, आमराईवर आणि विहिरीतल्या पोहण्यावर बराच वेळ रंगून बोललो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, आमची सुट्टी दिवाळीला सुरू व्हायची आणि होळीनंतर संपायची." त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेतलेली असे, मागे सांभाळायला कोणी नसे, म्हणून कारखान्यावरच्या कोपीत मुलेही बरोबर. आईवडील पहाटे फडात गेले की धाकटे भावंड त्याच्या ओटीत. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी वर्णन केलेली सुट्टी त्याने कधी पाहिली नव्हती, एवढेच त्याला सांगायचे होते.

मी त्याला कोणते पुस्तक सुचवायला हवे होते? त्या क्षणी मला एकही नाव आठवले नाही. असे पुस्तक मराठीत लिहिलेच गेले नसेल, तर तो दोष लेखक-प्रकाशकांचा. पण ते लिहिले गेले आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हते, आणि हा दोष निखळ माझा होता. मी चौदाव्या वर्षी बालसाहित्य वाचणे थांबवले होते, आणि चाळिशीत त्याच तुटपुंज्या शिदोरीवर इतरांना बालसाहित्य शिकवत होतो. माझ्या परिचयातील बहुतेक प्राध्यापकांची गत याहून निराळी नाही, असे मी धाडसाने म्हणतो.

आता 'श्यामची आई'कडे वळू. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मोठे आहे याविषयी वाद नाही. त्यात एक प्रसंग आहे. डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक महार म्हातारी वाट अडून उभी आहे, तिला कोणी शिवत नाही, आणि आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. त्या काळी हा प्रसंग मुलांच्या पुस्तकात यावा ही साधी गोष्ट नव्हती. ज्यांनी तो लिहिला त्यांनी पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. लेखणी आणि आचरण यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. परंतु समीक्षक म्हणून आपण हेही नोंदवले पाहिजे की, त्या प्रसंगात म्हातारी श्यामच्या करुणेची परीक्षा घेण्यापुरती येते. गोष्ट श्यामची आहे. त्या म्हातारीला नातू असता, तर तो सकाळी काय खात होता, कोणत्या झाडावर चढत होता, त्याची आजी मोळीखाली वाकलेली त्याला कशी दिसत होती, ही दुसरी गोष्ट होती. ती लिहिण्याची जबाबदारी साने गुरुजींवर टाकून चालणार नाही. त्यांनी त्यांच्या वाट्याचे केले. आपण मात्र जवळजवळ शतकभर त्यांच्याच पुस्तकापाशी थांबलो आणि त्या थांबण्याला संस्कार म्हणत आलो.

ती दुसरी गोष्ट मराठीत आलीच नाही असेही नाही. ती आली, फक्त मुलांच्या कपाटात आली नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही पुस्तके आपण दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने म्हणून शिकवतो. त्यांची पहिली पाने पुन्हा उघडून पाहावीत. तेथे शाळा आहे, भूक आहे, खोड्या आहेत, भीती आहे, आजी आहे, सण आहेत. म्हणजे बालपणच आहे. १९३५ साली जन्मलेल्या दया पवारांचे बालपण मराठी साहित्यात १९७८ साली, त्यांच्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दाखल झाले. बेबी कांबळे यांना त्याहूनही अधिक वाट पाहावी लागली. गोट्या हा मूल असतानाच मराठी पुस्तकात मूल होऊ शकला. कैकाड्याच्या किंवा महाराच्या मुलाला त्यासाठी आधी प्रौढ व्हावे लागले, लेखक व्हावे लागले, आणि त्याचे बालपण वाचायला मिळाले तेही प्रौढांनाच. आपल्या बालसाहित्याच्या इतिहासांत या उशिराची नोंद व्हायला हवी.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उद्भवला असे नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या बाईंनी एक साधे काम केले: पुस्तके मोजली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, निदान एखादी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. त्यांच्या लेखाची सुरुवात पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते. पुस्तकांतली मुले नेहमी गोरीच का असतात, असे तिने विचारले होते. पुढे १९९० मध्ये रूडिन सिम्स बिशप यांनी आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार ही रूपके मांडली. मुलाला पुस्तकात स्वतःचे जग दिसावे, दुसऱ्याचे दिसावे, आणि दार सरकवून त्या दुसऱ्या जगात वावरताही यावे. बिशप यांचा याच लेखातला आणखी एक मुद्दा आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. ज्या मुलांना पुस्तकांत फक्त आरसेच मिळतात, त्यांचेही नुकसान होते. जगातल्या आपल्या जागेविषयी त्यांची समजूत फुगत जाते. म्हणून ऊसतोडीची गोष्ट फक्त साखरशाळेत वाटायची नसते. ती शहरातल्या, उन्हाळी शिबिरांना जाणाऱ्या मुलालाही तितकीच हवी असते. किंबहुना त्यालाच अधिक. अमुक समाजाच्या मुलाला त्याच्याच समाजाचे पुस्तक नेमून देणे ही विविधता नव्हे. ती पुस्तकांची वाडावस्ती झाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे परदेशी खूळ आहे, मराठीच्या अंगणात ते कशाला? असे म्हणणाऱ्यांनी १८५५ सालचा 'ज्ञानोदय' आठवावा. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्यात छापून आला. लॅरिकबाईंच्या मोजदादीआधी ११० वर्षे मराठीतल्या एका शाळकरी मुलीने स्वतःच्या जगाविषयी स्वतः लिहिले होते. परंपरेचाच हवाला द्यायचा असेल, तर ही परंपरा आपली आहे. आपण ती सोडली.

दुसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ असतो. मुलांचे विश्व निरागस असते, त्यांना दारिद्र्य, जात, मरण यांत कशाला ओढायचे? हा युक्तिवाद करणाऱ्यांना मी इतकेच विचारतो की, 'श्यामची आई' मुलांना वाचायला देताना हे तुम्हाला कसे सुचत नाही? त्या पुस्तकात कर्ज आहे, सावकाराचा अपमान आहे, घराची वाताहत आहे आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. म्हणजे दुःखाला आपली हरकत नाही. ओळखीच्या घरातले दुःख आपल्याला संस्कारक्षम वाटते, अनोळखी घरातले वाटते ते कटू वास्तव. शिवाय विविधता म्हणजे केवळ दुःख, हाही एक आळशी समज आहे. भटक्या जमातीतल्या मुलालाही भुताची, चोर-पोलिसांची, बोलणाऱ्या कावळ्याची गोष्ट हवी असते. फक्त त्या गोष्टीतल्या मुलाचे नाव, जेवण आणि बोली त्याच्या ओळखीची असायला हरकत नसावी. आणि विंदांच्या 'एटू लोकांचा देश'मधली विक्षिप्त माणसे तर कोणत्याच जातीची नाहीत. तीही त्याचीच आहेत.

तिसरा आक्षेप, 'अशी पुस्तके मिळत नाहीत', हा खरे तर आपल्या न वाचण्याचाच पुरावा आहे. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. २०१७ मध्ये तो ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातले बालपण हा त्याचा विषय. २०१९ मध्ये तो सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला मिळाला. वनखात्यात काम करणाऱ्या माणसाने लिहिलेली ही जंगलातली साहसकथा. २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना एकूण योगदानासाठी हा पुरस्कार देण्यात आला. त्यांची चित्रपुस्तके पाहिल्याशिवाय मराठी गद्याच्या साधेपणाविषयी कोणी बोलू नये असे मला वाटते. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २००८ मध्ये निघालेल्या 'डिफरंट टेल्स' या मालिकेने दलित आणि मुस्लिम घरांतल्या मुलांच्या गोष्टी तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणल्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मुक्त परवान्याची बालपुस्तके महाजालावर उपलब्ध आहेत. तेथे गोंडी आणि कोरकू या भाषांतल्या गोष्टीही मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक विनामूल्य वाचता येतात. एवढी यादी जमवायला मला संशोधन करावे लागले नाही. फक्त वाचायला बसावे लागले. त्या मुलाच्या वाक्यानंतर बसलो, हे उशिराचे शहाणपण.

शिक्षकाच्या वाचनाविषयी इतरत्र पुरेसा अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमारास साधारण १,२०० प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली. मुलांसाठी लिहिणारे सहा चांगले लेखक, सहा कवी आणि सहा चित्रपुस्तककार सांगा, असे त्यांना विचारले होते. लेखकांत रोआल्ड डाल फार मोठ्या फरकाने पहिला आला, आणि २२ टक्के शिक्षकांना मुलांसाठी लिहिणाऱ्या एकाही कवीचे नाव सांगता आले नाही. विशेष म्हणजे हे शिक्षक न वाचणारे नव्हते. बहुतेक जण स्वतःसाठी आवडीने वाचत होते, पण मुलांसाठीची त्यांची पुंजी त्यांच्या बालपणातल्या दोन-चार नावांवर अडली होती. अमेरिकेत ॲपलगेट दांपत्याने २००४ मध्ये भावी शिक्षकांविषयी जे लिहिले ते याहून निराशाजनक होते. त्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना वाचनाची ओढच नव्हती. त्यांनी या अवस्थेला नव्या करारातील पीटरचे नाव दिले, कारण भिक्षा मागणाऱ्याला पीटर सांगतो की जे माझ्यापाशी नाही ते मी देऊ शकत नाही. आपल्याकडे यासाठी वेगळी म्हण आहे, आणि ती अधिक नेमकी आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपला आड कोरडा का पडला, याची कारणे आपल्या विभागांतच आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमांत बालसाहित्य आलेच, तर 'संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती' या तीन शब्दांचा टिळा लावून येते. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो. बालपुस्तक हातात न घेता तो बालसाहित्याचा पेपर उत्तीर्ण होऊ शकतो. पीएच.डी.साठी 'अमुक यांचे बालसाहित्य: एक चिकित्सक अभ्यास' लिहिला जातो, त्यात कथानके सांगितली जातात आणि शेवटी संस्कारमूल्ये मोजली जातात. चित्र आणि शब्द यांचे नाते काय, मोठ्याने वाचल्यावर वाक्य कसे चालते, कोणाची बोली संवादात येते आणि कोणाची निवेदनात, हे प्रश्न विचारले जात नाहीत. नेट-सेट झाले, नोकरी लागली की स्वतःसाठीचे वाचनही हळूहळू बंद पडते. मग उरतात अभ्यासक्रमातली नेमलेली पुस्तके आणि त्यांवरच्या जुन्या टिपणांच्या वह्या. पदोन्नतीच्या तक्त्यात चर्चासत्रांना रकाना आहे, शोधनिबंधांना रकाना आहे, वाचनाला नाही. नसू दे. जेवणालाही तेथे रकाना नाही, म्हणून आपण जेवण सोडलेले नाही.

वेळेचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. प्राथमिक शिक्षकावर निवडणुकीची, जनगणनेची, सर्वेक्षणांची, निरनिराळ्या माहितीच्या तक्त्यांची कामे लादली जातात, आणि ती करताकरता त्याचा दिवस संपतो, हे खरे आहे. दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईंना 'तुम्ही वाचत का नाही' असे विद्यापीठातल्या पंख्याखाली बसून विचारणे उद्धटपणाचे ठरेल. म्हणूनच हा लेख आधी आपल्याला, म्हणजे साहित्याच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. उद्याचे भाषाशिक्षक आपल्याच वर्गांतून जातात. त्यांना चालू, जिवंत वाचनाची सवय आणि पन्नास बऱ्या बालपुस्तकांची ओळख आपण दिली नाही, तर ती त्यांना पुढे कोणीही देणार नाही.

त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. पदव्युत्तर वर्गात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एक बालपुस्तक मोठ्याने वाचावे आणि त्यावर कवितेइतक्याच गांभीर्याने बोलावे. विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेत पाठवून लॅरिकबाईंनी केली तशी मोजदाद करायला सांगावी: कपाटातल्या शंभर पुस्तकांत मुलांची नावे कोणती, घरे कशी, आई काय करते, बाप काय करतो, जेवणात काय असते, घरी कोणती भाषा बोलली जाते. असा एक प्रकल्प दहा 'चिकित्सक अभ्यासां'पेक्षा अधिक सांगेल. आणि आपण स्वतः महिन्याला निदान एक पुस्तक असे वाचावे, जे शिकवायचे नाही, ज्यावर लिहायचे नाही, आणि ज्यातले घर आपल्या ओळखीचे नाही. आपल्या आवडीच्या जुन्या पुस्तकांचा त्याग करावा असे मी सुचवत नाही. फास्टर फेणे माझ्या कपाटात आजही हाताशी आहे. त्याच्या शेजारी आणखी कोण बसणार, एवढाच प्रश्न आहे.

येत्या १५ ऑक्टोबरला भाषण करणाऱ्याला मुलांनी एकच प्रश्न विचारावा, असे मला वाटते: "सर, तुम्ही सध्या काय वाचताय?" उत्तर देता आले, तर पुढचे भाषण करण्याची गरजच उरणार नाही, मुले पुस्तकाचे नाव विचारतील. उत्तर देता आले नाही, तर निदान त्या दिवशी कोणाला प्रेरणेची गरज आहे हे सर्वांसमक्ष स्पष्ट होईल.